डिसेंबरची खाट

माझा चेक परत आला तेव्हा मला आधी वाटलं, सही चुकली असेल. वय झालं की सहीसुद्धा लटपटते. पण पाकिटात चेकबरोबर एक चिठ्ठी होती: 'कृपया एकदा भेटायला या.' खाली ताईंची सही.

ताई म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत पेशंटच्या नातेवाइकांसाठी जे घर आहे, ते चालवणाऱ्या बाई. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, पण त्यांना सगळेच ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्या घरात चौदा खाटा आहेत. लांबून आलेल्या पेशंटसोबत जो कुणी असतो, नवरा, आई, मुलगी, त्याला तिथे पाठ टेकायला जागा मिळते, अंघोळीला गरम पाणी मिळतं, आणि स्वयंपाकघरात आपलं आपण शिजवून खाता येतं. त्यातल्या सहा नंबरच्या खाटेचा वर्षाचा खर्च मी अठरा वर्षं एकटा देत होतो. जानेवारीत एक चेक, की विषय संपला. फॉर्मवर 'पत्रव्यवहार नको' असा एक चौकोन असे, त्यात मी न चुकता खूण करायचो. आभार नकोत, अहवाल नको. आपण बरं, आपलं काम बरं.

काम माझं लिफ्टचं. चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. या शहरातल्या शंभरेक इमारती मी खालच्या खड्ड्यापासून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत ओळखतो. माणसं मात्र फारशी ओळखत नाही. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस वर आकड्यांकडे बघत उभा राहतो, आणि लिफ्टवाला तर लिफ्ट बंद पडल्याशिवाय कुणाला आठवत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात, हे माझ्या स्वभावाला सोयीचंच होतं. बायको होती तोवर घरात बोलायला ती होती. ती गेल्यावर मी रेडिओ लावून ठेवायला लागलो, तोही बारीक आवाजात.

तर गेलो ताईंकडे, डोकं तापवूनच. म्हटलं, पैसे परत करायला मी काय चोरीचे दिले होते? ताईंनी शांतपणे खुर्ची पुढे केली आणि सांगायला लागल्या. गेल्या वर्षी दोन जुने देणगीदार वारले. दोघंही माझ्यासारखे, एकेक खाट एकटे चालवणारे, कुठे बोभाटा न करणारे. त्यांच्या मुलांना बाप काय देत होता याचा पत्ताच नव्हता. दोन खाटा चार महिने गुंडाळून ठेवाव्या लागल्या, आणि त्या चार महिन्यांत लोक हॉस्पिटलच्या जिन्यात झोपले. म्हणून आता नियम बदलला होता. एका खाटेला एक माणूस नाही, बारा माणसं. प्रत्येकाचा एक महिना. बारा चौकटींचं एक कार्ड, त्यात बारा नावं, आणि ते कार्ड वर्षभर त्या खाटेच्या उशाशी भिंतीवर टांगायचं.

"जानेवारी तुमचा," ताई म्हणाल्या. "उरलेली अकरा माणसं तुम्ही आणायची."

मी म्हटलं, मी देणारा माणूस आहे, मागणारा नाही. मोडेन पण वाकणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मी माहितीपत्रक वाटलं तर लोक त्याची पुडी बांधतात, पण तुम्ही या खाटेवर झोपलेला माणूस आहात, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. हे खरं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी बायको हॉस्पिटलात होती तेव्हा मी सहा नंबरवर एक्केचाळीस दिवस काढले होते. आमचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि तिकडची शेवटची बस नऊला सुटायची.

मग मी ताईंना ते सांगितलं, जे आजवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. मी आयुष्यात एकदाच मागितलं होतं. सख्ख्या धाकट्या भावाकडे. तो नाही म्हणाला. तेव्हापासून कानाला खडा.

 कार्ड आणि फॉर्म एका पाकिटात घालून ताईंनी माझ्या हातात दिलं.

मी प्रयत्नच केला नाही असं कुणी म्हणू नये. न्हाव्याकडे गेलो. बावीस वर्षं माझे केस तोच कापतोय. खुर्चीत बसलो, गळ्याभोवती कापड आलं, शब्द अगदी ओठांपर्यंत आले, आणि मी म्हटलं, "मिशी जरा बारीक करा." कामावरच्या माझ्या जोडीदाराला फोन केला. वीस वर्षं आम्ही एकाच खड्ड्यात उतरलो, एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने पाना. त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची खबर त्याला दिली, आणि फोन ठेवला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. बेल न वाजवताच खाली आलो. बोट बेलच्या दोन इंचांवर होतं, पण ते दोन इंच काही केल्या सरेनात.

मागायला काय लागतं? दोन वाक्यं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि इथे तर परक्यासाठी मागायचं होतं, त्यात कसली आलीय लाज? पण मला दरदरून घाम फुटायचा. समोरचा नाही म्हणेल, ही भीती नव्हती. तो हो म्हणाला तर पुढे काय, हेच मला कळत नव्हतं. हो म्हटलेल्या माणसाशी नंतर बोलावं लागतं.

शेवटी मी ते केलं जे माझ्यासारखा घुम्या माणूसच करेल. टेबलाशी बसून चौकटी भरून टाकल्या. फेब्रुवारी न्हावी, मार्च शिक्षिका, एप्रिल जोडीदार. पुढे औषधाच्या दुकानदार बाई, आमचे जुने सुपरवायझर, बायकोची एक मैत्रीण, असं करत नोव्हेंबरपर्यंत पोचलो. फॉर्मवर पत्ते लिहायचे होते, ते खरेच लिहिले. खोटा पत्ता लिहायला मी काय लफंगा आहे? पैसे सगळे माझे. ताईंच्या ऑफिसात भरताना म्हटलं, लोकांनी माझ्याकडे आणून दिले.

डिसेंबर मात्र रिकामा राहिला. माझ्या जवळची माणसं संपली. तीन दिवस ते कार्ड टेबलावर पडून होतं, मी त्याच्या बाजूलाच ताट ठेवून जेवत होतो. चौथ्या दिवशी मी त्यात धाकट्याचं नाव लिहिलं. का, ते विचारू नका. त्याचा पत्ता मात्र पाठ होता, एक अक्षर अडलं नाही. हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं.

आता या प्रकरणातली गोम सांगतो. नव्या फॉर्मवर 'पत्रव्यवहार नको' हा चौकोनच नव्हता. त्या घराची रीत अशी, की त्या महिन्यात त्या खाटेवर जो झोपतो, त्याने महिनाअखेरीस त्या महिन्याच्या माणसाला हाताने पत्र लिहायचं. मी अठरा वर्षं खूण करून पत्रं नाकारत आलो होतो, मला हे कुठून ठाऊक असणार?

मार्चच्या सुरुवातीला न्हाव्याकडे गेलो तर आरशाच्या कोपऱ्यात एक पत्र खोचलेलं. कुणा बाईचं होतं. तिच्या मुलाच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, अठ्ठावीस दिवस ती सहा नंबरवर झोपली, दादा तुमचे उपकार विसरणार नाही, वगैरे. न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वाचायला लावत होता. "मी म्हणे खाट दिली," तो मला सांगत होता. "केव्हा दिली ते आठवत नाही, बहुतेक बायकोने माझ्या नावाने दिली असेल, ती अशी गुपचूप करते." बायकोला विचारलं तर ती नुसती हसली म्हणे. मी आरशात स्वतःकडे बघत राहिलो. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाला सांगत होतो, पण पुढच्या दहा महिन्यांची यादी मला तोंडपाठ होती.

शिक्षिका खाली आल्या, हातात पत्र. मी नाही हो पाठवले पैसे, म्हणाल्या, पण पत्रात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, मी ते लिहिणाऱ्या मुलाला उत्तर लिहिलंय, आता दर आठवड्याला तो लिहितो. हे घर कुठे आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? मी म्हटलं, हॉस्पिटलच्या मागे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. शिक्षिकेचे डोळे ते, वर्गातला चोर बरोबर हुडकतात.

जोडीदाराने मात्र फोनवर मला सोलून काढलं. सहा नंबरची खाट, माझी लबाडी, त्याला कळायला किती वेळ लागणार? "माझ्या नावावर पुण्य जमा करतोस?" तो ओरडला. "विचारायला तुझी जीभ झडली होती?" पैसे तो स्वतः ताईंकडे जाऊन भरून आला आणि वर आपल्या व्याह्यालाही भरायला लावले. त्यानंतर आठ दिवस मला फोन नाही.

ताईंनी बोलावलं तेव्हा जून संपत आला होता. आधीच भरलेल्या महिन्यांचे पैसे भरायला पाच जण येऊन गेले होते. ताईंना हसू आवरत नव्हतं. तुमच्यासारखा पैसे जमवणारा माणूस पाहिला नाही, म्हणाल्या, न मागता जमवता. मग मात्र त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. आडनाव माझंच होतं.

"हे तेच ना, नाही म्हणालेले?" त्यांनी विचारलं. "त्यांचं पत्र थांबवायचं असेल तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, सहा महिने आहेत.

त्या सहा महिन्यांत मी काय केलं? काही नाही. उठलो, जेवलो, रेडिओ ऐकला. पण घरात आता माझ्याबरोबर अजून कुणीतरी बसल्यासारखं असायचं आणि ते काही बोलायचं नाही. खरी गोष्ट अशी होती की मला त्या पत्राची भीतीही वाटत होती आणि त्याची वाटही मी बघत होतो. पत्र जाईल, धाकटा चिडेल, पण चिडण्यासाठी का होईना, तो मला गाठेल. एकोणीस वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. बायको गेली त्या दिवशी तो आला होता, आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. चार माणसांसमोर म्हटलं होतं, आता कशाला आलास?

आणि हे सगळं ज्यावर उभं होतं, ते खोटं होतं. लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो.

मी धाकट्याकडे मागितलंच नव्हतं. बायको हॉस्पिटलात आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, एवढं खरं. त्याच्या बायकोने चहा दिला. मी तासभर बसलो. हॉस्पिटल किती लांब पडतं ते सांगितलं. शेवटची बस नऊला सुटते, हे दोनदा सांगितलं. पाठ दुखते म्हणालो. आणि वाट बघत राहिलो, की तो म्हणेल, दादा, इथेच राहा. तो म्हणाला, काळजी घे. मी उठलो. हॉस्पिटलात परत येईपर्यंत माझ्या डोक्यात त्याचा नकार तयार झाला होता, अगदी शब्दांसकट. बायकोने विचारलं, भाऊजी काय म्हणाले? मी म्हटलं, विचारलं मी, नाही म्हणाला. आणि एकदा बोललं की ते खरंच होऊन बसतं, पुढे मलाही ते तसंच आठवायला लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी ताईंना सांगितलं, पत्र थांबवू नका. डिसेंबरभर सहा नंबरवर एक म्हातारे गृहस्थ होते, भावाला घेऊन आलेले. त्यांनी पत्र लिहिलं तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. योगायोग कसला, मुद्दाम गेलो होतो. पत्र बघायला मागितलं. ताईंनी दिलं नाही. पत्र ज्याचं त्याला, म्हणाल्या.

जानेवारीचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. जिन्यात पावलं वाजली की मी रेडिओ बंद करायचो. पावलं वर शिक्षिकांकडे जायची. मी मनाशी म्हणायचो, पत्ता बदलला असेल. पत्र वाचून फाडलं असेल. बरोबरच केलं, मी तरी काय केलं असतं?

रविवारी दुपारी ताईंचा फोन आला. तुमचे भाऊ येऊन गेले, म्हणाल्या. पत्र घेऊन आले होते. हे पैसे मी दिलेले नाहीत, माझं नाव कुणी दिलं, असं विचारत होते. ताईंनी माझं नाव सांगितलं. मग भाऊ विचारायला लागले, त्याचा या घराशी काय संबंध? ताई खोटं बोलत नाहीत. त्यांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले, पाणी दिलं ते प्यायले नाहीत. जाताना तुमचा नंबर घेऊन गेलेत, ताई म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, तुम्ही फोनजवळ बसा.

मी बसलो. अर्ध्या तासाने फोन वाजला. मी उचलला.

"एक्केचाळीस दिवस?" धाकटा म्हणाला.

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. माझ्या मनातला धाकटा अजून पंचेचाळिशीतच होता.

तो सांगत गेला. मुलगी तेव्हा हॉस्टेलला होती, तिची खोली रिकामी होती, चादर बदललेली होती. त्याच्या बायकोने आदल्या दिवशीच म्हटलं होतं, भाऊजींना इथे राहायला सांगा. पण मी आलो, तासभर बसलो, आणि नेहमीसारखा तोंड घट्ट करून बसलो. त्याला वाटलं, राहा म्हटलं तर हा अंगावर येईल. लहानपणापासून त्याला माझा धाक. मी तर सगळ्यांना सांगत फिरायचो, मला कुणाची गरज नाही. मग तो 'काळजी घे' म्हणाला, आणि मी गेल्यावर जिन्यात उभा राहिला, मी मागे वळून बघेन म्हणून. मी बघितलं नाही.

हे ऐकताना मी खुर्चीच्या हाताला धरून ठेवलं होतं.

"दादा, एक विचारू?" तो म्हणाला. "मी हॉस्पिटलात दोनदा आलो होतो. तू खाली औषधं आणायला गेला होतास. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन्ही वेळा. ती माझ्याशी बोलली का नाही?"

तो आल्याचं मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलंच नाही. मला वाईट वाटू नये म्हणून नसेल सांगितलं, ती तशीच होती.

खोटं बोलता आलं असतं. आजारी होती, औषधांची गुंगी असायची, काहीही चाललं असतं.

"मी तिला सांगितलं होतं," मी म्हटलं, "की मी तुझ्याकडे राहायला जागा मागितली आणि तू नाही म्हणालास."

 त्याने फोन ठेवला नव्हता, श्वास ऐकू येत होता. माझ्या धाकट्यावर तिचा फार जीव. लग्न होऊन घरी आली तेव्हा तो शाळेत होता, त्याचा अभ्यास ती घ्यायची. आणि ती गेली ती त्याच्याबद्दल मनात अढी घेऊन गेली, आणि ती अढी मी घातली होती, माझ्या या तोंडाने.

मला रडू आलं. मोठ्याने, लाज सोडून रडलो. मग म्हटलं, "तू माझ्याकडे ये. मी मागतोय तुझ्याकडे. ये."



"आज नाही, दादा," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

मी तसाच बसून राहिलो. एकोणीस वर्षं जो नकार मी जगाला सांगत फिरलो तो त्याने दिलाच नव्हता. तो मला या रविवारी मिळाला, मागितल्यावर, आणि तो देण्याचा त्याला हक्क होता. पण 'आज नाही' म्हणाला तो. आज.

संध्याकाळी मी वर गेलो, शिक्षिकांची बेल वाजवली आणि दारातच विचारलं, या वर्षीचा मार्च द्याल का? त्या म्हणाल्या, आत तर या.

पुढच्या रविवारी मी धाकट्याला फोन करणार आहे.